एका कानाचा इयरफोन

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत टेलिफोनच्या बोर्डापुढे बसणाऱ्या ऑपरेटरबाईंना उजव्या कानानं काडीचंही ऐकू येत नाही, हे त्या अख्ख्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. दिवसभर ज्या बाईचं काम फक्त ऐकायचं, तिचा एक कान ठार बहिरा आणि कुणाला पत्ता नाही, हे पटायला जड जाईल. पण मला सांगा, फोन माणूस किती कानांनी ऐकतो? एकाच. आणि बाईंचा डावा कान असा तयार होता, की पलीकडचा माणूस नुसता खाकरला तरी हा कुठल्या वॉर्डातला डॉक्टर ते त्या ओळखायच्या.

उजवा कान गेला तो लहानपणी, गालगुंडाच्या तापात. ताप उतरला, सूज उतरली, आणि जाताना कान घेऊन गेली. आईनं तेव्हाच बजावून ठेवलं, "कुणाला बोलायचं नाही. एक शाबूत आहे ना? मग झालं तर." लग्न ठरताना सांगितलं नाही, कारण आईनं डोळे वटारले होते. नोकरीला लागताना सांगितलं नाही, कारण तोवर न सांगायची सवय झाली होती. नोकरीच्या तपासणीत डॉक्टर पाठीमागे उभे राहून एकेका बाजूनं आकडे कुजबुजत होते, आणि बाई समोरच्या कपाटाच्या काचेत त्यांचे ओठ वाचत होत्या. सगळे आकडे बरोबर आले. डॉक्टरांनी पाठ थोपटली.

पुढे सगळं अंगवळणी पडलं. बसमध्ये उजव्या हाताची खिडकी धरायची, म्हणजे शेजारी बसणारा आपसूक डाव्या बाजूला येतो. जेवायला भिंतीकडची खुर्ची. चारचौघांत बसायचं तर कडेला. एवढं करूनही कुणी उजवीकडून बोललंच, तर हसून मान हलवायची. या मान हलवण्यापायी बाईंनी आजवर दोन भिश्यांत आणि एका सहलीत नकळत नाव दिलं होतं.

नवऱ्याचं मत मात्र ठाम होतं. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवणारा, सगळे त्यांना पेंटर म्हणत. पेंटर मुळात कमी बोलायचे, आणि बोललेलं वाया गेलं की चिडायचे. "हिला हवं तेवढंच ऐकू येतं," असं ते लेकीला सांगत. बाईंना हे ऐकू यायचं, कारण नेमकं हे वाक्य ते डावीकडून म्हणायचे. लोक एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देतात. बाईंना ती सोय नव्हती. एकदा आत गेलेलं आतच राहायचं.

तर हे सगळं सुरळीत चाललेलं असताना लेकीनं घोळ घातला. लेक नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी होती. आईचा रोजचा बसचा प्रवास लांबलचक, फोनवर गाणी लावली की बॅटरी बसते, म्हणून तिनं आईला गाणी वाजवायचा एक छोटासा प्लेअर पाठवला. काडेपेटीएवढा. त्यात जुनी गाणी ठासून भरलेली, सोबत पांढरे इयरफोन. बाई हरखून गेल्या. दुसऱ्या दिवशी बसमध्ये उजवी खिडकी धरली, दोन्ही कानांत दोन्ही बोंडं घातली. उजवीकडचं आपलं शोभेला. आणि लावलं ते सगळ्यात लाडकं, दोघांचं गाणं. तो हाक घालतो, ती उत्तर देते, शेवटी दोघं मिळून गातात. बाई लहान असल्यापासून रेडिओवर ऐकत आल्या होत्या, झोपेत उठवलं तरी म्हणतील इतकं पाठ.

गाण्याआधीचं वाद्यांचं वाजप सुरू झालं. थोडं हडकल्यासारखं वाटलं, पण झालं सुरू. मग त्याची ओळ आली, आणि तो गायलाच नाही.

लांब कुठेतरी ठेका वाजत होता. बासरी नाही, माणूस नाही. मग तिची ओळ आली, ती छान खणखणीत गायली. परत त्याची पाळी, परत शुकशुकाट. कुणी काही विचारलेलं नसताना गाणारी आपली उत्तरं देत सुटलेली. ऑपरेटरबाईंनी आवाज वाढवला, गाणं मागे नेलं, बोंड दाबून धरलं. दुसरं गाणं लावलं, त्यात व्हायोलिन गायब. तिसऱ्यात कोरस.

बाईंच्या मनात आलं, हा कान निघाला. उजवा एका तापात गेला, डावा हळूहळू चालला आहे, आधी पुरुषांचे जाड आवाज, मग बाकीचे. आणि हा गेला म्हणजे काय काय गेलं याची यादी करायला बसचा तेवढा प्रवास पुरला. नोकरी तर गेलीच, पण ते राहू दे. लेकीचा आठवड्याचा फोन जाईल. दारावरची बेल, कुकरची शिट्टी, खोलीबाहेर नर्सांची चाललेली कुचकुच, पेंटरांचं पुटपुटणं, सगळं बंद. चालत्या बसमध्ये बाईंना रडू फुटायचं तेवढं राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई हॉस्पिटलात कामाला, वर दुसऱ्या मजल्यावर कान-नाक-घशाचे डॉक्टर बसलेले, दोन जिने चढायला काय झालं? अहो, तिथंच तर सगळी मेख होती. त्या डॉक्टरांचे फोन रोज बाईच जोडत. तपासायला गेल्या तर डावा तपासणार, तसा उजवाही तपासणार. मग कागद होणार, आणि ऑपरेटर बहिरी आहे ही बातमी जेवणाच्या सुट्टीच्या आत कँटीनला पोचणार. त्यामुळे बाईंनी ठरवलं, दोष आधी वायरीत शोधायचा. वायरी बिचाऱ्या बोलत नाहीत.

पहिली खरेदी बसस्टॉपजवळच्या हातगाडीवर. तिथला माणूस म्हणाला, "आवाज कमी येतो? हे घ्या मॅडम, हादरून जाल." तांबड्या वायरीचे इयरफोन होते. हादरल्या खऱ्या, पण तो काही गायला नाही. मग बाजारातल्या एका दुकानातून रबराच्या टोप्यांचे घेतले, तीन मापांच्या टोप्या सोबत. ते घालून उलट जगाशीच संबंध तुटल्यासारखं झालं, आणि गाण्यातला माणूस तरीही गप्प. त्या दुकानदारानं वर गळ्यात अडकवायची पिशवी दिली, कमरेला लावायची क्लिप दिली, दंडाला बांधायचा पट्टा दिला. "पळायला जाताना बरा पडतो," म्हणाला. बाई आयुष्यात कधी बसमागे सोडून कुठं पळाल्या नव्हत्या. पण खरं काय होतंय ते सांगता येत नाही म्हटल्यावर दुकानदार सुचवेल ते घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "आवाज बरोबर येत नाही" यापलीकडे त्यांची तक्रार जातच नव्हती, आणि तेवढ्यावरून जो तो आपला माल खपवत होता.

कपाटाचा खण भरत चालला. पेंटरांनी एकदा मोजे शोधताना तो उघडला, पट्टा हातात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "दुकान काढणार असशील तर पाटी मी रंगवून देतो."

बाईंना हसू आलं नाही. दिवसभर त्यांचं लक्ष स्वतःच्या कानावरच असायचं. ऐकू येत होतं, नाही असं नाही. पुरुषही स्पष्ट ऐकू येत होते. पण मनात एकदा पाल चुकचुकली की माणूस असलेल्यावरही विश्वास ठेवत नाही. त्या प्रत्येकाला "परत सांगा" म्हणू लागल्या. हात चुकायला लागले. एकदा ऑपरेशन थिएटर त्यांनी स्वयंपाकघराला जोडून दिलं, आणि थिएटरमधली नर्स बराच वेळ आचाऱ्याला विचारत राहिली, की सगळं उकळून तयार आहे, पेशंट कधी पाठवताय. मेट्रन खाली आल्या. "बाई, तब्येत बरी आहे ना? तुमच्याकडून असं कधी होत नाही." बाई हसल्या आणि मान हलवली.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी मोठे हेडफोन आणले. दोन्ही कान झाकणारे, जाड गादीचे, डोक्यावरून पट्टी. ते घालून आरशात पाहिलं तर विमान चालवायला निघाल्यासारख्या दिसत होत्या. गाणं लावलं. ती गायली, तो नाही. बाईंनी हेडफोन काढून पलंगावर टाकले आणि डोक्याला हात लावून बसल्या. आता आणखी घ्यायला काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर पेंटरांची चाहूल लागली. आपण अशा तोंडानं बसलेल्या दिसायला नको, म्हणून बाईंनी घाईघाईनं हेडफोन उचलले आणि कसेबसे डोक्यावर चढवले. गाणं चालूच होतं. आणि तो गायला. डाव्या कानात, भरदार, अगदी रेडिओवर गायचा तसा.  त्याची ओळ संपली. आता ती उत्तर देणार म्हणून बाई वाट पाहतात तर ती गप्प.

बाईंनी हेडफोन काढून पाहिले. घाईत उलटे घातले गेले होते. सुलटे केले, ती आली, तो गेला. परत उलटे केले, तो आला, ती गेली. पेंटर दारात उभे राहून बायकोचा हा खेळ बघत होते.

"डोकं दुखतंय का गं?"

"नाही हो. बसवून बघतेय."

पेंटर निघून गेले, पण बाईंच्या डोक्यात चक्र सुरू झालं. कान बिघडला तर बिघडला, तो असा पाळ्या लावून कशाला बिघडेल? सकाळी पुरुष ऐकायचे नि दुपारी बायका, असं कुठं असतं? गडबड कानात नाही, बाहेर कुठंतरी आहे. कितीतरी दिवसांनी बाईंना नीट भूक लागली.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर त्या पुलाखालच्या गाळ्यांत गेल्या. तिथं एक दुकान नुसत्या असल्याच सामानाचं होतं. वायरी, पिना, कव्हरं, चार्जर, छताला टांगलेले, भिंतीला लावलेले. चालवणारी त्यांच्याच वयाची बाई, चष्मा कपाळावर, आवाज असा की फोनची गरज नाही. बाईंनी प्लेअर आणि मोठे हेडफोन काउंटरवर ठेवले. "यात गाणं अर्धंच वाजतं."

दुकानवालीनं हेडफोन कानाला लावले, थोडं ऐकलं. "चांगलं वाजतंय की. दोन्ही बाजू चालू आहेत."

"त्यातला तो माणूस ऐकू येतो?"

"येतो ना. मस्त गातोय. या बाजूला तो, या बाजूला ती."

"मला नाही येत."

"तुम्ही घाला बघू." तिनं हेडफोन बाईंच्या डोक्यावर बसवले. "आता?"

"ती येते. तो नाही."

"असं कसं? मशीन तर ठणठणीत आहे. उजवीकडे येतोय बघा, नीट ऐका."

 मागे एक गिऱ्हाईक चार्जर हातात घेऊन खोळंबलं होतं. नेहमीसारखं हसावं, मान हलवावी, आणखी एखादी क्लिप घेऊन घरी जावं, सगळं सोपं होतं. पण मग तो खण, तो बोर्ड, ते "परत सांगा", सगळं जन्मभर तसंच. बाईंनी काउंटरची कड घट्ट धरली.

"मला उजव्या कानानं ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. एकाच कानानं येतं."

जन्मात पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं होतं. आता काय होतंय म्हणून बाई जीव मुठीत धरून उभ्या. आणि दुकानवाली काय म्हणाली? "मग हे आधी सांगायचं ना हो. मी बसले आपली मशीन तपासत."

तिनं काउंटरखालचा एक डबा ओढला आणि खुडबुड करत बोलू लागली. "असली गाणी दोन भागांत केलेली असतात. एक भाग या कानाला, एक त्या कानाला. दोन्ही कान चालू असले की मधे मिळतं. तुमचा अर्धा माल जातोय बंद दारावर. दार उघडत नाही, त्यात मालाची काय चूक?"

"म्हणजे माझा डावा कान..."

"डाव्याला काय धाड भरलीय? तुम्ही माझं सगळं ऐकताय ना? हां, सापडलं." तिनं बोटाच्या पेराएवढा एक तुकडा काढला, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला भोक. "हा मधे लावायचा. दोन्ही बाजू एकत्र करून देतो. आणि हा एकाच कानाचा इयरफोन. आमच्याकडून बसचे ड्रायव्हर नेतात, एक कान रस्त्याला मोकळा हवा म्हणून. तुम्ही काही एकट्या नाही."

तिनं तुकडा जोडला, बोंड बाईंच्या डाव्या कानात दिलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं. वाजप आलं, भरगच्च, बासरीसकट. मग तो गायला. मग तिनं उत्तर दिलं. परत तो. बाईंचा जीव असा भांड्यात पडला की त्या काउंटरवरच कोपरं टेकून उभ्या राहिल्या. दुकानवालीनं स्टूल पुढे सरकवलं, मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "थांबा हो जरा, यांचं गाणं चालू आहे," आणि बाईंना पाण्याची बाटली दिली. बाई स्टुलावर बसून अख्खं गाणं ऐकत होत्या आणि डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. कान होता. जागेवर होता. कुठंही चालला नव्हता.

बसमध्ये त्यांनी प्लेअर लावलाच नाही. इंजिनाची घरघर ऐकली, मागच्या बाकावरच्या दोन बायकांचं सासूवरून चाललेलं भांडण पार शेवटपर्यंत ऐकलं, कंडक्टरचे सुटे पैसे वाजलेले ऐकले. सगळं इतकं छान ऐकू येत होतं की उतरायचा स्टॉप चुकता चुकता राहिला. आणि एकदा सांगून झालं, आभाळ कोसळलं नाही, हे कळल्यावर जिभेला धीर आला होता. अनोळखी बाईला सांगितलं, मग ज्याच्या शेजारी निम्मं आयुष्य काढलं त्याला का नको?

पेंटर मागच्या खोलीत एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत बसले होते. बाई पर्स न ठेवताच आत गेल्या.

"अहो, ब्रश ठेवा जरा. एक सांगायचंय."

"लेकीचं काही?"

"नाही, माझंच. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी गेला. आईनं सांगू दिलं नाही, आणि नंतर मी सांगितलं नाही."

पेंटरांनी ब्रश ठेवला नाही, नुसता हातात धरून राहिले. आता "फसवलंस मला" ऐकायला लागणार, अशी बाईंची तयारी होती. पण पेंटर बोलले ते भलतंच.

"रात्री तू भिंतीकडे तोंड करून झोपतेस. डाव्या कुशीवर."

"हो. डावा कान उशीत गेला की सगळं बंद. शांत झोप लागते."

"म्हणजे माझ्या बाजूला येतो तो बहिरा कान."

"हो. का बरं?"

पेंटर रंगाच्या डब्यावर बसले. "लेक शाळेत होती तेव्हाची गोष्ट. माझ्या बहिणीकडे सगळे जमले होते. मी तुला पाठीमागून हाका मारत होतो, तू वळून बघेनास. तेव्हा मी सगळ्यांदेखत तुला म्हणालो होतो..."

"भिंतीशी लग्न केलंय म्हणून," बाई म्हणाल्या. आठवायला त्यांना वेळ लागला नाही. सगळे हसले होते, नणंद सगळ्यात जास्त. त्या दिवसापासून त्या घरी जायचं म्हटलं की बाईंच्या कपाळावर आठी चढायची. पण त्या वाक्यापेक्षा जास्त लागलं होतं ते हे, की नंतर या माणसानं एकदाही "चुकलं" म्हटलं नाही. इतकी वर्षं बाई त्या एका शब्दाची वाट पाहत होत्या, आणि आता तर वाट पाहणंही सोडून दिलं होतं.

"त्याच रात्री मी तुझी माफी मागितली होती," पेंटर म्हणाले. "दिवा घालवल्यावर. उजेडात मला जमलं नसतं. खूप वेळ बोलत होतो. तू हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, जागी आहेस पण माफ करायचं नाहीये तुला. मग पुन्हा विषय काढायची छाती झाली नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. सांगितलं होतं यांनी. वेळेवर सांगितलं होतं, आपल्या शेजारी पडून, आणि आपण ढाराढूर.

"मी झोपले होते हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांना एकदम रडूच आलं. मोठं ओझं उतरल्यावर येतं तसलं रडू. पेंटरांनी ब्रश खाली ठेवला. मग ते उठले, फडक्याला हात पुसले, डबा उचलून बाईंच्या डाव्या बाजूला आणून ठेवला आणि त्यावर बसले.

"परत सांगू?"

"सांगा. सगळं सांगा, तेव्हा म्हणाला होतात तसं."

पेंटरांनी एकदा उघड्या दाराकडे पाहिलं, घसा साफ केला आणि बोलायला लागले. भर उजेडात त्यांना ते फार जड गेलं, दोनदा शब्द अडकले. बाईंनी मधे एकदाही मान हलवली नाही. त्या ऐकत होत्या.